'घरी न्या, सेवा करा' म्हणजे नेमके काय?

पूर्णा-नांदेड मार्गावरचे चुडावा हे छोटे स्टेशन. पॅसेंजरमधून कुणी एक्स-रेचे मोठे पाकीट काखेत धरून उतरले, सोबतच्या माणसाने त्याला दंडाला धरून चालवत आणले, की पाहणाऱ्याला फार विचारावे लागत नाही. 'काय म्हणले डॉक्टर?' एवढाच प्रश्न येतो आणि उत्तरही ठरलेले असते. 'घरी न्या म्हणले. खाऊ-पिऊ घाला, सेवा करा म्हणले.'

माझ्या थोरल्या काकांना तोंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा आम्हालाही हेच सांगितले गेले. चाळीस वर्षे तंबाखू खाल्लेला माणूस. ऑपरेशन झाले, शेक दिला, वर्षभराने गाठ मानेत परत आली. डिस्चार्जच्या कागदावर तीन गोळ्यांची नावे होती. रात्री दुखू लागले तर कुणाला फोन करायचा, ते नव्हते. त्यानंतर काका अडीच महिने जगले. पहिला दीड महिना आम्ही सेवा म्हणून जे जे केले, त्यातले निम्मे चुकीचे होते. ते रात्रभर बाजेवर बसून कण्हायचे आणि आम्ही भोवती बसून रडायचो. मग ओळखीच्या एका सिस्टरने वेदनांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. शेवटचा महिना काका रात्री झोपले, सकाळी ओसरीवर बसले आणि माणसे ओळखून बोलले. आजार तोच होता, घर तेच होते, सेवा करणारे हातही तेच होते. फरक होता तो माहितीचा. तीच इथे सांगतो आहे.

'घरी न्या' या शब्दांनी एक उपचार संपतो. 'सेवा करा' या शब्दांनी दुसरा सुरू होतो. या दुसऱ्या उपचाराला शास्त्र आहे, औषधे आहेत, प्रशिक्षित माणसे आहेत. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होवो न होवो, माणसाचा त्रास कमी करणे हे त्याचे काम. ते निदानाच्या दिवसापासून, केमोथेरपी चालू असतानाही घेता येते. हॉस्पिस हा त्याचाच शेवटचा टप्पा. आजार आता हटणार नाही हे स्पष्ट झाले, की उरलेले दिवस कमीत कमी त्रासात आणि आपल्या माणसांत जावेत म्हणून केलेली काळजी म्हणजे हॉस्पिस. तशी काळजी घेणाऱ्या जागेलाही हॉस्पिसच म्हणतात. ही सेवा फक्त कॅन्सरची नाही. अर्धांगवायूने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले, किडन्या निकामी झालेले, दम्याने फुप्फुसे थकलेले, विस्मरणाने घरच्यांनाही न ओळखणारे म्हातारे, हे सगळे तिचे हक्कदार आहेत.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी केली. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि मरणाऱ्या माणसांचे दुखणे कुणी नीट पाहत नाही म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. दुखणे एकट्या शरीराचे नसते, ही त्यांची मांडणी. मनाचे, नात्यांचे, पैशाचे आणि देवाशी चाललेल्या भांडणाचे दुखणे त्यात मिसळलेले असते. हे समजायला लंडनला जावे लागत नाही. काकांचे निम्मे दुखणे सोसायटीच्या थकलेल्या कर्जाचे आणि धाकट्या मुलीच्या लग्नाचे होते. लग्नाचे बोलणे त्यांच्यासमोर पक्के झाले, त्या रात्री त्यांनी जादाची गोळी मागितली नाही.

भारतातले पहिले हॉस्पिस आपल्याच राज्यात आहे. 1986 साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. कॅन्सर पुढे गेलेल्या रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिपलाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तेही विनामूल्य. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते आणि जखम कशी धुवायची, नळीतून कसे भरवायचे, कूस कशी बदलायची हे शिकून घेते. त्रास आटोक्यात आला की रुग्ण घरी जातो. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत सोडून द्या. नागपूरला स्नेहांचल आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

पण चुडाव्याहून पुणे-मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. मान धरवत नसलेल्या माणसाला त्यात घालणे नेहमीच शहाणपणाचे नसते. शिवाय बहुतेकांना शेवट आपल्याच घरात हवा असतो. म्हणून आपल्याकडे हॉस्पिस म्हणजे बहुतेक वेळा घरच. त्या घराला मागे उभे राहणारे डॉक्टर, सिस्टर आणि औषध मिळवून देणे, एवढे आपल्या हाती असते.

डिस्चार्ज घेण्याआधी

रुग्णवाहिका दारात उभी असते, बिलाची घाई असते. त्याच घाईत नेमके विचारायचे राहून जाते. तेव्हा घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने डॉक्टरांकडून दहा मिनिटे मागून घ्यावीत. आता पुढे काय काय होऊ शकते ते विचारा: रक्त जाईल का, श्वास अडकेल का, झटके येतील का. प्रत्येक त्रासासाठी घरात कोणते औषध हवे ते लिहून घ्या. कोणत्या गोळ्या आता बंद करायच्या तेही विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी शेवटच्या महिन्यात गिळायला लावून काही साधत नाही. 'तुमच्याकडे पॅलिएटिव्ह केअर किंवा पेन क्लिनिक आहे का, नसेल तर कुठे पाठवता?' हे याच शब्दांत विचारा आणि चिठ्ठी लिहून घ्या. शेवटी एक फोन नंबर घ्या. नंतर सगळ्या कागदांचे मोबाईलमध्ये फोटो काढून ते दोन माणसांकडे ठेवा. फाईल एकाच्या घरी आणि रुग्ण दुसऱ्याच्या घरी, असे ऐन वेळी होते.

पूर्णा तालुक्याला परभणी आणि नांदेड दोन्ही जवळ. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेलात, तर असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात, म्हणजे एनसीडी ओपीडीत, आणि भूलतज्ज्ञांकडे विचारा. वेदनांचे काम बऱ्याच ठिकाणी भूलतज्ज्ञच पाहतात. केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम 2012 पासून आहे. गावपातळीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांनी ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या आहेत, त्यांत ही सेवाही आहे. म्हणून उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना घरी अंथरुणावर रुग्ण आहे हे आपण होऊन कळवा. ड्रेसिंग, लघवीची नळी, रक्तदाब, एवढ्यासाठी तालुक्याला गाडी करावी लागू नये. अडले तर आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. आपण मागत नाही तोवर ही सेवा कागदावरच राहते.

पैशाचे थोडक्यात. उपचार चालू असतील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेभाड्यात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. निराधार आणि दुर्धर आजारी माणसासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. वावर गहाण टाकून 'शेवटचा प्रयत्न' म्हणून शहरातल्या आयसीयूत नेण्याआधी मात्र डॉक्टरांना सरळ विचारा: 'याने हा माणूस बरा होऊन घरी चालत येईल का?' उत्तर 'नाही' असेल, तर तो पैसा मागे राहणाऱ्यांसाठी ठेवणे म्हणजे माया कमी पडणे नव्हे.

मॉर्फिनची भीती

कॅन्सरच्या दुखण्यावरच्या औषधांना पायऱ्या आहेत. साधी पॅरासिटामॉल, मग ट्रॅमाडॉलसारखी मधली गोळी आणि त्यानेही भागले नाही तर मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने ही शिडी 1986 मध्ये मांडली. मॉर्फिनची गोळी महाग नाही. अडचण दुसरीच आहे. ती अफूपासून बनते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने तिच्यावर इतकी बंधने आली, की डॉक्टर आणि औषध दुकानदार तिला हात लावायला घाबरू लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि आपल्या गावातला कॅन्सरचा रुग्ण त्याच अफूच्या एका गोळीवाचून तळमळतो. 2014 साली कायदा बदलला आणि मॉर्फिनसह काही औषधांना अत्यावश्यक म्हणून मान्यता मिळाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था मॉर्फिन ठेवू शकतात आणि देऊ शकतात. म्हणून ती गावातल्या मेडिकलवर शोधू नका. जिल्ह्याच्या किंवा मोठ्या कॅन्सर रुग्णालयात कुठे मिळते ते विचारा. दर वेळी रुग्णाला न्यावे लागेल की कागद दाखवून घरच्या माणसाला गोळ्या मिळतील, हेही आधीच विचारून ठेवा.

आमच्या घरी पहिल्या गोळीच्या वेळी भांडण झाले. चुलतभाऊ म्हणाला, 'अफू देऊन बापाला गुंगीत ठेवता का?' त्याची भीती खरी होती, समजूत चुकीची होती. वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात घेतलेल्या मॉर्फिनची नशेसारखी ओढ क्वचितच लागते. त्याने आयुष्य कमी होते, हाही गैरसमज आहे. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, मळमळ होते. मग शरीर सरावते. बद्धकोष्ठ मात्र सरावाने जात नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. डॉक्टरांनी लिहिले नसेल तर मागून घ्या. आठवडाभर शौचाला न झालेला माणूस पोटदुखीनेच अर्धा मरतो आणि दोष गोळीला लागतो.

सर्वांत महत्त्वाचे घड्याळ. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. दुखू लागल्यावर द्यायची ती गोळी नव्हे, दुखू नये म्हणून ठरल्या वेळेला द्यायची. वेदना एकदा चढली की तिला उतरवायला जास्त औषध लागते. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून आम्ही भिंतीवर कोळशाने खुणा केल्या. गोळी दिली की एक रेघ. मधल्या वेळात दुखले तर द्यायचा जादाचा डोस वेगळा ठरवून घ्या. डोस आपल्या मनाने वाढवू नका, एकदम बंद करू नका. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन करा. गोळ्या कुलपात ठेवा, उरलेल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका, दवाखान्यात परत करा.

सलाईन, सुई आणि घास

आपल्याकडे आजारी माणसाला सलाईन लावले नाही तर काही केलेच नाही असे वाटते. पाहुणा दारात पाय ठेवतो आणि म्हणतो, 'एखादी बाटली तरी लावा.' अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तिने ताकद येत नाही. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालेल्या माणसाला सलाईनचा उपयोग आहे, हे खरेच. पण शरीर मिटत चालले असताना ओतलेले पाणी त्याला वापरता येत नाही. ते पायावर सूज होऊन साठते, छातीत उतरते आणि श्वासाची घरघर वाढवते. रोज एक दुखण्याची सुई, हेही तसेच. डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शने दिवसेंदिवस घेतल्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडन्या बिघडू शकतात.

घासाचे सांगताना माझाही आवाज बदलतो, कारण काकूंना हे समजावणे सर्वांत अवघड गेले. जेवत नाही म्हणून माणूस मरत नसतो. तो मरणाकडे निघालेला असतो म्हणून जेवत नाही. भूक जाणे हा आजाराचाच भाग आहे. तोंड दाबून भरवलेला घास श्वासनळीत जातो आणि ठसक्याने जीव घाबरा होतो. त्याला आवडेल ते, आवडेल तेव्हा, दोन चमचे द्या. ताक, पेज, भाताची निवळ, उसाचा रस, काहीही. पथ्ये आता सोडा. नळीतून भरवत असाल तर डोके उंच करून हळूहळू भरवा आणि नंतर अर्धा तास आडवे करू नका.

तोंडाची काळजी मात्र दिवसातून पाच-सहा वेळा. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात. चूळ भरता येत नसेल तर ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात आणि ओठांना खोबरेल लावावे. कॅन्सरच्या उघड्या जखमेला वास येतो. त्या वासानेच माणसे दूर बसू लागतात आणि रुग्णाला ते कळते. वासावर मेट्रोनिडाझोलचा उपयोग होतो. गोळ्यांची पूड जखमेवर कशी लावायची ते डॉक्टर किंवा सिस्टर दाखवतात. जखमेत कधी अळ्याही होतात. लाजू नका, लपवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात सांगा. अळ्या काढता येतात. त्यावरून सेवा करणाऱ्या बाईला बोल लावणाऱ्याला घरातून बाहेर काढा.

अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. बाजेची नवार किंवा सुतळी सैल होऊन मध्ये झोळ पडतो आणि माकडहाडावर सगळा भार येतो. त्यापेक्षा सपाट पलंग आणि हवेची गादी बरी. ती भाड्याने किंवा दान म्हणून मिळू शकते. टाचा, माकडहाड, खुबे, खांदे रोज उजेडात पाहा. कातडी लाल झाली आणि दाबून सोडल्यावरही लालच राहिली, तर ती बेडसोरची सुरुवात असते. तिथे चोळू नका, फक्त भार काढा. दम लागत असेल तर उशा लावून बसते करा, खिडकी उघडा, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या. भोवतीची गर्दी हटवणे हेही औषधच.

त्याला सांगावे का?

'त्यांना सांगू नका, खचतील.' हे वाक्य प्रत्येक घरात असते. आमच्याही होते. पुतणे दारात कुजबुजायचे आणि आत जाऊन 'काका, तुम्ही ठणठणीत होणार' म्हणायचे. एके दिवशी काकांनी मलाच धरले. 'मला कशाला फसवायलाव रे? मला सगळं कळायलंय.' त्यांना सोसायटीचे कर्ज सांगायचे होते, बैल कुणाला द्यायचा ते सांगायचे होते, आणि आम्ही त्यांना बोलूच देत नव्हतो.

सगळे एकदम सांगायची गरज नसते. आधी विचारा: 'तुम्हाला काय वाटतं आजाराबद्दल? काही विचारायचं आहे का?' जेवढे विचारतील तेवढेच सांगा, पण खोटे सांगू नका. 'काहीच होणार नाही' म्हणण्यापेक्षा 'दुखू देणार नाही, एकटं सोडणार नाही' म्हणा. हे वचन पाळता येते. ज्याला ऐकायचेच नाही त्याच्यावर लादूही नका. सातबारा, बँकेतले वारस, पेन्शनचे कागद, मृत्युपत्र हे विषय माणूस शुद्धीवर असताना त्याच्या मर्जीने बोलले गेले, तर नंतर भावा-भावांत कोर्ट होत नाही. नातवंडांना हाकलू नका. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा आणि जवळ बसू द्या.

रुग्ण घरातली बाई असेल तर एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिचे दुखणे घराला उशिरा दिसते. ती कण्हत नाही, 'होईल बरं' म्हणते. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये अंगावरून जाणारे घाण पाणी ती शेवटपर्यंत लपवते. तिला विचारा आणि विचारणारी बाईच असू द्या.

आणि सेवा करणारी. ती बहुतेक घरांत एकटीच असते. बायको, सून किंवा माहेरी आलेली लेक. रात्री ती जागते, सकाळी स्वयंपाक तीच करते, सोयाबीनच्या काढणीलाही तीच जाते. भावकीने फक्त भेटायला येऊन चहा पिऊन जाऊ नये. एक रात्र वाटून घ्यावी, एका वेळचा डबा आणावा, पुरुषांनी कूस बदलायला आणि मलमूत्राचे भांडे उचलायला शिकावे. माझ्या चुलतभावाने हे सगळे केले. तोच, जो अफूवरून भांडला होता.

शेवटचे दिवस

शेवट जवळ आला की काही खुणा दिसतात. माणूस जास्त वेळ झोपतो, गिळता येत नाही, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, श्वास मधूनच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती घरघर भयंकर वाटते, पण त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास जाणवत नसावा असे डॉक्टर मानतात. त्याला एका कुशीवर वळवा. घरघर कमी करणारे औषधही असते, ते आधीच घरात आणून ठेवा. गोळी गिळता येत नसेल तर मॉर्फिन दुसऱ्या वाटेने कसे द्यायचे तेही आधी विचारलेले असावे.

गंगाजल आणि तुळशीपत्र आपल्याकडे द्यावेच वाटते. जरूर द्या. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचा-चमचा पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. बोट ओले करून ओठांवर फिरवा, तुळशीचे पान ओठांवर ठेवा. ऐकू येणे बराच काळ टिकते असे मानतात, म्हणून त्याच्याशी बोलत राहा, त्याच्यासमोर भांडू नका. काकांच्या उशाशी शेवटचे चार दिवस संध्याकाळी हरिपाठ झाला.

या वेळी घाबरून गाडी बोलावली जाते आणि माणूस रस्त्यात, अनोळखी लोकांत जातो. घरीच राहायचे ठरले असेल तर ते सगळ्या भावकीला आधी सांगून ठेवा, म्हणजे पुण्याहून आलेला भाऊ दारातूनच 'आयसीयूत का नेलं नाही' असे ओरडणार नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देतील तेही ठरवून ठेवा. नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते.

हॉस्पिस म्हणजे दयामरण नव्हे, हे इथेच स्पष्ट सांगतो. यात कुणीही औषध देऊन मरण आणत नाही, कायदाही ते करू देत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांच्या खटल्यातून 2011 मध्ये सुरू झालेला विचार पुढे 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. त्या निकालाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असे शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. 2023 मध्ये न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचा. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने घरी हा विषय काढावा असे मला वाटते. आजार येण्याआधी तो बोलायला सोपा असतो.

माणूस गेल्यावर तेरावा होतो, पाहुणे जातात आणि घर एकदम रिकामे होते. रात्री दर चार तासांनी उठायची सवय लागलेली बाई तशीच उठून बसते. तिच्याकडे महिन्याभराने पुन्हा जा. झोप-भूक गेली असेल, जगणे नको झाले असेल, तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख माणसांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि सुमारे 14 टक्क्यांनाच ती मिळते. केरळने यावर उत्तर शोधले ते गावातून. 1993 साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी हाती घेतले. आठवड्याचे दोन तास देणारी माणसे, त्यांना थोडे प्रशिक्षण, मागे एक सिस्टर आणि एक डॉक्टर. 2008 मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरणच केले. आपल्या गावांत भजनी मंडळे आहेत, बचत गट आहेत, सप्ताहाला वर्गणी काढणारे तरुण आहेत. एक हवेची गादी, एक चाकाची खुर्ची आणि ड्रेसिंगचे सामान गावच्या पैशातून घेऊन मंदिरात ठेवायला सप्ताहाच्या एका पंगतीएवढाही खर्च येणार नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात आज किती माणसे अंथरुणावर आहेत ते आशाताईंना विचारा, त्यांची नावे आरोग्य केंद्राला द्या आणि पॅलिएटिव्ह केअरची गृहभेट मागणारा ठराव लिहून घ्या. तोवर, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला 'घरी न्या' असे सांगितले गेले असेल, तर उद्या सकाळीच त्याची फाईल घेऊन निघा आणि वेदनांच्या गोळीचे विचारून या.